रस्त्याकडे पाठ करून बसणाऱ्या बाई

बाईंच्या सत्काराला बाई आल्या नाहीत.

शाल होती, श्रीफळ होतं, फ्लेक्सवर बाईंचा हसरा फोटो होता. बाई फोटोत हसत नाहीत, म्हणजे तो कुणाच्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतलेला असणार. स्टेजवर मधली खुर्ची रिकामी. तरी वक्ते एकामागून एक बोलले. एकजण म्हणाले, "बाईंनी या शहरातल्या धावपटूंना कधी थांबू दिलं नाही." टाळ्या. दुसरे म्हणाले, प्रेरणास्थान. पुन्हा टाळ्या. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते, कारण मी उठून बोलले की काय होतं हे आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाला चांगलं माहीत आहे. आता स्मरणिकेसाठी बाईंवर लिहायला मलाच सांगितलंय. बरं झालं. कागदावर माईक कोणी काढून घेत नाही.

तर आधी ते टाळ्यांचं वाक्य खोडते. बाईंनी लोकांना थांबू दिलं. नुसतं थांबू दिलं नाही, थांबणाऱ्यांना बसायला दिलं.

बाई मुलींच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. रिटायर झाल्यावर हरिशंकरपुरममध्ये पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. स्वतः आयुष्यात कधी पळाल्या नाहीत. बससाठीसुद्धा नाही, दुसरी येते म्हणतात. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मॅरेथॉन पळायला लागली आणि मधेच सोडून रडत घरी येऊ लागली, तेव्हापासून बाईंकडे पळणाऱ्यांची ये-जा सुरू झाली. "पायांचं मला काही कळत नाही," त्या सांगायच्या. "पायांवाले गावात पुष्कळ आहेत. माझ्याकडे डोकं घेऊन या."

माझी नि त्यांची ओळख फूलबागच्या चौराह्यावर झाली. आम्ही काही मुली तेव्हा पर्चे वाटत होतो: सकाळी मुलींना रस्त्यावर पळता आलं पाहिजे, खांबांवरचे दिवे लागले पाहिजेत, बाइकवरून शेरे मारणाऱ्यांना कोणीतरी आवरलं पाहिजे. रस्त्याच्या कडेला एक बाई उभ्या होत्या आणि स्वतःशी मोठ्याने बोलत होत्या. "मागे फिर. मरशील. या वयात हाडं जुळत नाहीत." मग तितक्याच शांतपणे, "ऐकलं. आता चल." आणि ओळख ना पाळख, माझा हात धरून सरळ रहदारीत शिरल्या.

पलीकडे पोचल्यावर मी म्हटलं, "आंटी, आप किससे बात कर रही थीं?"

"मराठी आहेस ना? मग मराठीत विचार की."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ट्रक आला तेव्हा 'आई गं' म्हणालीस. तोवर हिंदी होतीस."

मग त्यांनी माझा पर्चा वाचला, चष्मा कपाळावर सरकवून. "मुद्दा बरोबर आहे. पण उद्गारचिन्हं किती ती! वाचतानाच धाप लागली." त्या दिवसापासून मी पर्चेवाली झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी वापरलं असेल असं मला आठवत नाही.

रस्ता ओलांडायची त्यांना खरीखुरी भीती आहे. हात धरायला कुणी असल्याशिवाय त्या चौराहा ओलांडत नाहीत. आणि ती भीती लपवतही नाहीत. डोकं जे जे म्हणतं ते मोठ्याने म्हणून दाखवतात, मग त्याला उत्तर देतात. पळणाऱ्यांना शिकवायच्या तेही हेच. फक्त त्याच्या आधी एक प्रश्न असायचा. लांबचा सराव संपला की सगळे बेड़ईच्या, म्हणजे डाळ भरलेल्या पुरीच्या, दुकानावर जमायचे. बाई आधी जिलबी संपवायच्या, मग बेड़ईला हात लावायच्या, आणि मग एकेकाला विचारायच्या, "दम संपला तेव्हा डोकं काय म्हणालं? आणि कुठल्या भाषेत?"

हसू नका. आपल्या ग्वाल्हेरात हा प्रश्न साधा नाही. आपण दिवसभर हिंदी बोलतो, भांडतो हिंदीत, भाजी हिंदीत घेतो, परीक्षा इंग्रजीत देतो. मराठी उरते ती घरच्या दाराच्या आत. पळणाऱ्यांना कोच शिकवतात, मनातल्या मनात म्हणा, आय अ‍ॅम स्ट्रॉंग. लोक म्हणतात. बाई म्हणायच्या, "डोकं मराठीत 'नाही' म्हणतंय आणि तू त्याला इंग्रजीत 'हो' म्हणतोयस. दोघांची गाठच पडत नाही. ज्या भाषेत ते बोलतं, त्याच भाषेत त्याला सांग: ऐकलं, आता चल."

मला हे सगळं फार घरगुती वाटायचं. मी तोंडावर म्हणाले, "बाई, रस्त्यावरचा टवाळ डोक्यात नसतो. तो रस्त्यावर असतो."

"बरोबर. त्याला तू बघ. घरी आल्यावरही जो मागे येतो, त्याला मी बघते."

कामाची ही वाटणी आम्ही कधी मोडली नाही. अजूनही आमचं अर्ध्या गोष्टींवर पटत नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे कुणी मला त्यांची शिष्या म्हणणार नाही.

एकदा मॅरेथॉनच्या आयोजकांनी गोरखीजवळच्या एका हॉलमध्ये बाहेरगावचा 'माइंड कोच' आणला. कानाला माईक, पायात पांढरे बूट. त्याने सगळ्यांना उभं करून मुठी आवळायला लावल्या आणि ओरडायला लावलं, "हार नहीं मानूँगा!" हॉल दणाणला. प्रश्नोत्तरांत बाईंनी हात वर केला. त्यांची हिंदी मराठीच्या वळणाची. "भाऊसाहेब, ये सब ठीक है. पर जो हार मान गया, वो बैठेगा कहाँ?"

लोक हसले. कोच पण हसला. "मैडम, हम यहाँ बैठने की बात करने नहीं आए हैं."

"मैं वही करने आई हूँ," बाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बेचाळीस किलोमीटरच्या वाटेवर पाणी ठेवता, केळी ठेवता, ढोल ठेवता. मग ज्याला पुढे जाता येत नाही त्याच्यासाठी खुर्ची का नाही? बसायची जागा आहे हे माहीत असेल तर माणूस भीतीने थांबणार नाही. थांबलाच तर खरंच गरज असेल म्हणून थांबेल. आयोजकांनी सांगितलं, थकणाऱ्यांची सोय केली तर सगळेच थकतील. मी तेवढ्यावर पर्चा काढला. मथळा दिला, 'हमें कुर्सी दो'. बाजारात लोक विचारायला लागले, कौन-सी पार्टी से हो? ते असो.

खुर्च्या मिळाल्या नाहीत. बाईंनी त्याऐवजी बसायला वेताचे मुढे घेतले, ई-रिक्षात घातले आणि झाशी रोडवर, जिथे दुकानं संपतात आणि नुसता सरळ, सावली नसलेला रस्ता समोर पडतो, तिथे नेऊन मांडले. बहुतेकांचा धीर तिथेच सुटतो. स्वतःचा मुढा त्यांनी रस्त्याकडे पाठ करून ठेवला. सरावाच्या दर रविवारी तशाच बसायच्या, तोंड शेताकडे, मांडीवर गजकचा, तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, डबा. पळणारे त्यांच्या पाठीमागून जायचे. मी विचारलं, हा काय प्रकार?

"मी बघितलं की ते माझ्यासाठी पळतात. मग माझ्यादेखत थांबायला लाजतात. मग पडतात."

थांबलेला येऊन शेजारच्या मुढ्यावर बसायचा. बाई त्याला गजक द्यायच्या. पोचणाऱ्यांना मेडल, थांबणाऱ्यांना गजक. शाब्बास मात्र त्या कुणालाच म्हणायच्या नाहीत.

आता जुईबद्दल.

जुई 'शिंदे की छावनी' मोहल्ल्यातली, माझ्या वर्गातली. मोजकं बोलणारी, पळताना सुंदर दिसणारी. दोन मॅरेथॉन तिने अर्ध्याच्या पुढे जाऊन सोडल्या होत्या. पाय दुखले नाहीत, पोटात कळ नाही, काही नाही. नुसती उभी राहिली आणि परत फिरली. तिसरी आपल्या शहरातली. ती मला म्हणाली, "ह्या वेळी पण थांबली ना, तर बूट देऊन टाकीन कुणाला. खरंच." ती उगीच बोलणारी मुलगी नाही. पळणं हीच तिची एकटीची अशी एक गोष्ट होती, आणि ती तिच्या हातून चालली होती.

आणि नेमका आयोजकांनी तिचाच फोटो लावला. तिच्या गल्लीच्या तोंडाशी, माणसाच्या दुप्पट उंचीचा: 'जुई रुकेगी नहीं!' जुई दुसऱ्या गल्लीने जा-ये करायला लागली. मी आयोजकांकडे गेले. त्यांचा कोचिंग क्लास आहे, त्यांना फ्लेक्सशिवाय करमत नाही. म्हणाले, "ये तो बच्ची का सम्मान है." मी म्हटलं, बच्चीला विचारलंत? त्यांनी चहा मागवला. आम्ही मुलींनी शिडी आणली आणि तो फ्लेक्स खाली उतरवला. परवानगी नव्हती. उद्या पुन्हा लावला तर पुन्हा उतरवीन. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शिडी कुणाची होती? परत केलीस ना?"

बाईंनी जुईला तोच प्रश्न विचारला होता, आणि ती बरेच रविवार एकच उत्तर देत होती, "मन करता है छोड़ दूँ."

"हे तू मला सांगतेयस. डोक्याने तुला काय सांगितलं?"

एका रविवारी ती पळता पळता झाशी रोडवर थांबली आणि मुढ्यावर येऊन बसली. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन तिथेच होते. बाईंनी मान वळवली नाही. जुई थोडा वेळ गजक हातात धरून बसली आणि मग शेताकडे बघत, तिच्या नेहमीच्या आवाजाहून वेगळ्या, मऊ आवाजात म्हणाली, "पुरे हं बाळा. किती दमलीस. ये, बस."

आवाज काकूंचा होता. जुईच्या आईचा. हुबेहूब.

बाईंनी पाण्याची बाटली तिच्या पुढे केली. मग म्हणाल्या, "हे अवघड आहे. शिव्या देणारं डोकं परवडतं. त्याला 'ऐकलं, आता चल' म्हणता येतं. आईला असं कसं म्हणणार?"

सगळे कोच पळणाऱ्याला अपमानासाठी तयार करतात. मायेसाठी कोणी तयार करत नाही.

बाई म्हणाल्या, तुझ्या आईकडे जायचंय. मी बरोबर गेले, एक तर चौराहा ओलांडायचा होता, आणि दुसरं म्हणजे बाई काकूंना दोष देतील अशी मला भीती वाटत होती. काकूंनी पोहे केले. बाईंनी ते संपवले आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही जुईला म्हणता का, पुरे हं बाळा, किती दमलीस?"

काकूंनी पदर खोचला. "म्हणते. का? म्हणू नये?" आवाज चढला. "रस्त्यावर ती पोरं काय काय बोलतात तिला. ते शिट्टीवाले सर ओरडतात. घरी येऊन लेकीने कुणाकडून एक बरा शब्द ऐकायचा? मी पण आता मुकी होऊ का?"

मला राहवलं नाही. "बाई, हे बरोबर नाही. पोरगी थांबली की आईचं चुकलं, पोचली की कोचचा फोटो! तुमचं ते मानसशास्त्र शेवटी येऊन आईच्याच डोक्यावर बसतं!"

"पर्चेवाली, पाणी पी," बाई म्हणाल्या. मग काकूंकडे वळल्या. "वहिनी, चूक कोण म्हणतंय? मला एवढंच सांगा, हे तुम्ही कुठे उभ्या राहून म्हणता?"

"कुठे म्हणजे? इथेच. ती सरावाहून येते, जिना चढते, मी दारात असते."

"रस्त्यात कधी म्हणालात?"

"रस्त्यात कशाला म्हणेन? ती पळते तेव्हा मी घरी असते."

"तेच तर." बाईंनी पेला खाली ठेवला. "म्हणजे शब्द दारातले आहेत. तिला ते वाटेत ऐकू येतात, एवढीच गडबड आहे."

जुई आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. बाईंनी तिला समोर बसवलं. "आवाज आला की त्याला घालवू नकोस. त्याच्याशी भांडू नकोस. एवढंच विचार, आई कुठे आहे? दारात. मग ती थांब म्हणत नाहीये. ती ये म्हणतेय. जा."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण डोक्याला थापा चालत नाहीत. आई शेवटच्या रेषेच्या पलीकडे खरोखर उभी पाहिजे. जुईला ते माहीत पाहिजे. आणि ते काम तुझं, तुझा आवाज मोठा आहे."

शर्यतीच्या सकाळी इतकं धुकं होतं की पुढचा खांब दिसत नव्हता. मुली सुटल्या, बाई ई-रिक्षाने मुढे घेऊन झाशी रोडला गेल्या, आणि मी काकूंना घेऊन शेवटच्या रेषेशी पोचले. तिथे दोरी बांधलेली, गार्ड उभा.

"पास दिखाइए."

"इनकी बेटी दौड़ रही है. ये माँ है."

"सबकी माँ होती है, मैडम. अंदर वीआईपी एरिया है."

आत सोफा होता, त्यावर अजून न आलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या नावाची चिठ्ठी. मी गार्डला सांगितलं, पहिल्यांदा नीट, मग मोठ्याने. मग मुली जमल्या, मग घोषणा सुरू झाल्या. धुकं विरलं, ऊन आलं, पहिल्या मुली पोचल्या, ढोल वाजला, आणि आम्ही दोरीच्या बाहेरच. मला एकच दिसत होतं: जुई झाशी रोडवर विचारतेय, आई कुठे आहे, आणि आई दारात नाही. मी आयोजकांना नावाने हाका मारल्या. पर्च्यांत जेवढी उद्गारचिन्हं बाईंनी कापली होती ती सगळी त्या दिवशी वापरली. गार्ड माझ्याशी वाद घालण्यात इतका गुंगला की बाकी जग विसरला. मी वळून बघते तर काकू दोरीखालून वाकून आत गेलेल्या, आणि साडीला लागलेली माती झटकत रेषेच्या पलीकडे जाऊन उभ्या.

जुई आली. तिच्या आधी पुष्कळ जणी आल्या होत्या, पेपरात त्यांचे फोटो आले. ती शेवटचा तुकडा धड पळत नव्हती, धड चालत नव्हती. चेहऱ्यावर मीठ सुकलेलं. नजर दोन्ही बाजूंच्या गर्दीवरून फिरत होती, आणि मग एका ठिकाणी थांबली. त्यानंतर ती फक्त तिकडेच बघत आली.

काकूंनी नुसते हात पुढे केले.

"आई, म्हण ना," जुई म्हणाली.

"पुरे हं बाळा," काकू म्हणाल्या. "किती दमलीस. ये, बस."

बसायला तिथे एकच जागा होती. काकूंनी चिठ्ठी बाजूला केली आणि लेकीला प्रमुख पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं. गार्ड आला. मी त्याच्याकडे बघितलं. तो गेला.

बाईंना कधी सांगते असं झालं होतं. ई-रिक्षा करून मी झाशी रोडला गेले. रस्ता जवळजवळ मोकळा झाला होता. मुढे तसेच मांडलेले, बाई पाठमोऱ्या. शेजारी एक पोट सुटलेले गृहस्थ, छातीवर नंबर, बूट काढून बसलेले. मी रिक्षातूनच ओरडले, "बाई, जुई—" बाईंनी न वळता हात वर केला. थांब.

"दिमाग़ ने क्या कहा आपसे?" त्या त्यांना विचारत होत्या.

"कुछ नहीं, मैडम."

"कुछ तो कहा होगा. किसी की आवाज़. घर में किसी की."

त्या गृहस्थांनी हातातला गजक मोडला. "वही तो. पूरे रास्ते सोचता रहा, कोई तो कुछ बोलेगा. कोई नहीं बोला. गाली भी नहीं."

बाई उठल्या, गुडघ्यांना हात लावत, आणि आपला मुढा उचलून फिरवला. त्यांना रस्त्याकडे तोंड करून बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "अब बताइए," त्या म्हणाल्या, "आप कौन हैं? शुरू से." मला त्यांनी तिसऱ्या मुढ्याकडे बोट दाखवलं. मी बसले. जुईचं सांगायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

ते गृहस्थ आता रविवारी येतात. पळतात थोडं. मुढे रिक्षातून उतरवतात.

सत्काराचं सांगून संपवते. मंडळाने गाडी पाठवलीच असेल असं सगळ्यांनी धरलं होतं, मीही. संध्याकाळी मी शाल-श्रीफळ घेऊन हरिशंकरपुरमला गेले. बाई दिव्याखाली गजकचा डबा पुसत बसल्या होत्या.

"आला का नाहीत?"

"आले होते की. फूलबागपर्यंत. चौराह्याच्या अलीकडे. हॉल पलीकडे."

"मग?"

"मग पानवाल्याच्या बाकावर बसले. तुमचे माईक तिथपर्यंत ऐकू येत होते. कुणीतरी म्हणालं, मी कधी कुणाला थांबू दिलं नाही."

मी शाल त्यांच्या पलंगावर ठेवली. मग तोच प्रश्न विचारला. त्यांना तो कुणी कधी विचारला असेल असं मला वाटत नाही.

"बाई, डोकं काय म्हणालं?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"म्हणालं," बाई म्हणाल्या, "एवढा सत्कार आहे. कुणीतरी न्यायला येईल."